फ्रिजच्या पाठीमागे बघा

काल फ्रिज ओढून मागची जळमटं काढली. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा स्टिकर: आर-६००ए. म्हणजे फ्रिज गार करणारा गॅस आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसच्याच जातकुळीतला.

हा गॅस घराघरात आला त्याची गोष्ट भारी आहे. १९९२ साल. पूर्व जर्मनीतला शार्फेनश्टाइनचा फ्रिज कारखाना बंद करायला काढलेला. फ्रिजमधले ओझोन खाणारे सीएफसी गॅस जाणार हे तोवर ठरलं होतं आणि बड्या कंपन्या आर-१३४ए या दुसऱ्या गॅसकडे निघाल्या होत्या. तो ओझोनला निर्धोक खरा, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट! ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने या बुडत्या कारखान्याला प्रोपेन-ब्युटेनवर चालणारे १० फ्रिज बनवायला सांगितले. स्फोट होईल, अशी आवई बड्यांनी उठवली. तरी काही आठवड्यांत जवळपास ७० हजार जणांनी नोंदणी केली. १९९३ मध्ये फ्रिज आला आणि आवई उठवणारेही त्याच वाटेला लागले. पेटंटची आडकाठी मुद्दामच ठेवली नव्हती. मूळ कारखाना, फोरॉन, १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेला, ते वेगळं.

आता आपल्याकडे या. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे, त्यालाच सीएसआर म्हणतात. पण नेहमीच्या धंद्याचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे रोपं लावली तर सीएसआर, आणि आपल्याच मालातला घातक गॅस बदलला तर तो धंदा! नियमामागचं कारण कळतं, नाहीतर सगळ्यांनी जाहिरातीही त्यात घुसवल्या असत्या. पण फोटो कशाचे निघतात बघा.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. दर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, साहेब रोप लावायचे, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. पेंट शॉपमधलं थिनर कमी करायचा प्रस्ताव मात्र 'पुढच्या बजेटला' जायचा. जबाबदारी खरी असेल तर ती लाइनवर दिसते. पेटणारा गॅस भरायचा तर गळती शोधणारी यंत्रं बसवावी लागतात, ठिणगी पडेल अशी वायरिंग बदलावी लागते, कामगारांना शिकवावं लागतं. हा खर्च ब्रोशरमध्ये चांगला दिसत नाही.

आणि गेटबाहेरचं काय? गेल्या उन्हाळ्यात फ्रिज गार करेना म्हणून मेकॅनिक आला. स्टिकर न बघताच त्याने नळ्या जोडायची ब्रेझिंगची बत्ती काढली. म्हटलं, "दादा, थांबा, आत पेटणारा गॅस आहे." तो हसला. "कंपनीने कधी सांगितलंच नाही, साहेब."