टूथपेस्ट दातांसाठी ठेवा, पीएस४साठी नको

गेल्या आठवड्यात नागपूरहून बहिणीचा मेसेज आला. "दादा, हे खरं आहे का? हा ऐकत नाहीये, स्क्रू ड्रायव्हर शोधत बसलाय." 'हा' म्हणजे माझा भाचा. आणि 'हे' म्हणजे ग्रुपाग्रुपांतून फिरत आलेला फॉरवर्ड: 'गेम कन्सोल तापतोय? दुकानदाराला पैसे देऊ नका! घरातल्याच वस्तूंनी १० मिनिटांत नव्यासारखा करा!' खाली सहा उपाय, प्रत्येकापुढे हिरवी टिक, आणि शेवटी 'दर महिन्याला करा'.

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घरी साफ करता येतो. मी स्वतः करतो, त्यामुळे 'हात लावू नका' असं सांगणाऱ्यांतला मी नव्हे. पण या सहांतला एकही उपाय जसाच्या तसा करण्यासारखा नाही.

'मागच्या जाळीतून ब्लोअर मारा, सगळी धूळ बाहेर.' हा सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो, म्हणून सगळ्यांत जास्त लोक करतात. जुन्या पीएस४मध्ये (सोनीचा प्लेस्टेशन ४, भाच्याकडे हाच आहे) हवा कशी फिरते ते बघा. पंखा हवा आत ओढतो, हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पातळ पत्र्यांमधून ढकलतो, पुढे ती पॉवर सप्लायमधून (कन्सोलला वीज पुरवणारी आतली पेटी) जाऊन मागून बाहेर पडते. म्हणजे धूळ अडते ती पंखा आणि पत्रे यांच्या मध्ये. बाहेरून बॅटरी मारून बघितलं तरी दिसत नाही. मागून जोरात हवा मारली की ती थोडी उलटी सरकते, पंख्यात जाऊन बसते, आणि कन्सोल चालू केला की पुन्हा जागच्या जागी.

दिवाळीत याच भाच्याचा कन्सोल मी उघडला होता. खालचं झाकण काढलं, पॉवर सप्लाय सरळ वर उचलला (तिरका ओढला तर खालच्या पिना वाकतात), तर पत्र्यांवर करड्या रंगाची चक्क एक पट्टी जमलेली. चिमट्याने धरली तर अख्खी निघाली, जुन्या गोधडीतल्या कापसासारखी. त्यात केस, उदबत्तीची राख, आणि झुरळाचा एक पाय. झुरळांना कन्सोल आवडतो: ऊब असते, अंधार असतो, कुणी हुसकावत नाही.

ब्लोअरचा दुसरा धोका पंख्याला. मोकळा सोडलेला पंखा ब्लोअरच्या झोताने त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो. बेअरिंगची वाट लागते, शिवाय फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे (चिप बसवलेली पाटी) पाठवू शकते. एका बोटाने पंखा धरा, मग हवा मारा. इतकं सोपं आहे, पण फॉरवर्डमध्ये नाही. बाहेरच्या जाळीवरची धूळ कमी ताकदीच्या व्हॅक्यूमने ओढायला हरकत नाही. उघड्या बोर्डावर मात्र व्हॅक्यूमचं नळकांडं फिरवू नका. कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तीच स्थिर वीज. तुम्हाला ती जाणवत नाही तेव्हाही चिपचं नुकसान करू शकते.

'थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट, काम तेच.' नाही. काम तेच असतं तर दोन्ही एकाच दुकानात मिळाल्या असत्या. चिप आणि हीटसिंक यांच्यातल्या सूक्ष्म खाचा भरून उष्णता पलीकडे नेणं हे थर्मल पेस्टचं काम. टूथपेस्टमध्ये पाणी असतं, म्हणून पहिला काही वेळ तीही थंड ठेवते, आणि तेवढ्यावर व्हिडिओ बनतो. पाणी उडालं की उरते खडूसारखी कोरडी पूड. चिप ७०-८० अंशांवर काम करत असताना पाणी उडायला कितीसा वेळ लागणार?

मुळात धूळ काढायला हीटसिंक उचलावाच लागत नाही. पेस्ट बदलायची ती कन्सोल बराच जुना असेल आणि धूळ काढूनही पंखा ओरडत असेल तरच. पीएस५चा, म्हणजे पीएस४नंतरच्या कन्सोलचा, तर प्रश्नच वेगळा. तिथे चिपवर पेस्ट नसून लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू आहे. ते वीज वाहून नेतं, एक थेंब भलत्या जागी गेला की शॉर्ट. ते घरचं काम नव्हे. उलट पीएस५ची धूळ काढणं सोपं: बाजूची पांढरी पॅनेलं हाताने निघतात, आत धूळ जमण्यासाठीच केलेली दोन छिद्रं आहेत, तिथे व्हॅक्यूम लावायचा. स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही.

'जुनी पेस्ट सॅनिटायझरने पुसा.' सॅनिटायझरमध्ये पाणी आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं. ते मागे चिकट थर ठेवतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं.

'पंख्यात दोन थेंब खोबरेल तेल.' कृपया नको.

'कन्सोलसमोर कूलर लावा.' बहिणीला हाच सगळ्यांत पटला होता, साहजिक आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ गाठतो, आणि हा कन्सोल ५ ते ३५ अंशांच्या हवेसाठी बनवलेला आहे. म्हणजे दुपारी दोन वाजता बंद खोलीत कितीही स्वच्छ कन्सोल तापणारच, त्यात दोष कुणाचाच नाही. कूलरने खोली गार होत असेल तर उत्तमच. पण अगदी तोंडासमोर ठेवलात तर ओल्या ताट्यांमधून येणारे बारीक थेंब आत जातात, आणि ओल्या धुळीचं पत्र्यांवर लिंपण होतं. ते मग चिमट्याने निघत नाही. कूलर खिडकीत, कन्सोल दुसऱ्या भिंतीला, आणि दुपारी दोन ते पाच गेम बंद. या शेवटच्या अटीवर घरात अजून वाटाघाटी चालू आहेत.

'चालू होत नसेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून २० मिनिटं तापवा.' या उपायाला मात्र इतिहास आहे. २००५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलमध्ये बटणाभोवती तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडायचं. वारंवार तापून-निवून चिपच्या आतले बारीक जोड तडकायचे. तेव्हा लोक ते टॉवेलात गुंडाळत, आणि कधीकधी ते खरंच सुरू व्हायचं, काही दिवसांपुरतं. उष्णतेने तडकलेले जोड प्रसरण पावून तात्पुरते टेकायचे, एवढंच. शिसं नसलेलं सोल्डर (असे जोड पक्के करणारा धातू) वितळतं २१७ अंशांच्या आसपास. टॉवेल तिथवर पोचायच्या आत बाकी सगळं वितळेल. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. टॉवेलने भागलं असतं तर ती वेळ आली नसती. आणि तापल्यामुळे बंद पडलेल्या यंत्राला आणखी तापवायचं, हे तर्कशास्त्र कुणाचं?

राहिलं 'दर महिन्याला'. दर वेळी उघडताना प्लॅस्टिकचे खटके सैल होतात, फीत-केबल ओढली जाते, स्क्रूचं डोकं झिजतं. पीएस४च्या झाकणाचे स्क्रू सहा टोकांच्या ताऱ्यासारखे असतात, मध्ये बारीक खुंटी. साधा स्क्रू ड्रायव्हर घुसवला की डोकं गुळगुळीत, आणि मग दुकानदाराला पैसे द्यावेच लागतात. वर्षातून एकदा पुष्कळ झालं, घर रस्त्यालगत असेल तर दोनदा. आधी प्लग काढा, अर्धा तास थांबा. पॉवर सप्लायची पेटी पूर्णच बाहेर काढून ठेवा, पण तिचं झाकण उघडू नका. २३० व्होल्टचा प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) झटका शिल्लक असतो.

बहिणीला मी फोनवर एकच विचारलं: कन्सोल ठेवलाय कुठे? तर टीव्हीच्या शोकेसमध्ये, काच लावून, वर क्रोशाचा रुमाल. देवघर शेजारीच. भिंतीपासून १० सेंटीमीटर तरी मोकळे हवेत, इथे दोन बोटंही नव्हती. काच काढायला तिची तयारी होती. रुमालावर अडलं, कारण तो आईने विणलेला.

तो आता सेट-टॉप बॉक्सवर गेलाय. त्याचं मी पुढच्या फोनला बघतो.