३८ बघ्यांची गोष्ट आणि तिच्या नावावर खपणारं मानसशास्त्र

कुठे अपघात झाला किंवा भररस्त्यात कुणावर हल्ला झाला, की दोन दिवसांत तो मजकूर पुन्हा फिरायला लागतो. या वेळी माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, त्यांतला एक शिक्षकांचा. मजकूर थोडक्यात असा: १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीवर तिच्या घराजवळ अर्धा तास वार होत होते, ३८ शेजारी खिडक्यांतून बघत होते, एकानेही पोलिसांना फोन केला नाही. पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून सिद्ध केलं की गर्दी जितकी मोठी तितकी मदत मिळण्याची शक्यता कमी. माणूस मुळातच बघ्या असतो, तेव्हा लोकांकडून अपेक्षा ठेवू नका.

मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते. ही गोष्ट मीही कितीतरी वर्षं वर्गात अशीच सांगितली, कारण पुस्तकांत ती अशीच होती. त्यामुळे ती खोडून काढणं मला माझंच काम वाटतं.

आधी ते ३८ जण. १३ मार्च १९६४ची रात्र, तीन वाजून गेलेले. २८ वर्षांची किटी बारमधलं काम संपवून क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सला घरी येत होती. विन्स्टन मोझ्लीने तिला ऑस्टिन स्ट्रीटवर गाठलं आणि पाठीत सुरा खुपसला. समोरच्या इमारतीतून रॉबर्ट मोझर नावाचा रहिवासी खिडकीतून ओरडला, ‘त्या मुलीला सोड!’ मोझ्ली पळाला. किटी उठली आणि अडखळत इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. खिडकीशी आलेल्यांना दिसली ती चालत निघून जाणारी एक बाई. थोड्या वेळाने मोझ्ली परत आला. दुसरा हल्ला झाला तो मागच्या दाराच्या आत, जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत. समोरच्या एकाही खिडकीतून ती जागा दिसत नव्हती.

म्हणजे ३८ जणांनी पूर्ण खून बघणं शक्यच नव्हतं. हा आकडा आला २७ मार्चच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून. त्या बातमीत हल्ले तीन होते, प्रत्यक्षात झाले दोन. रेचेल मॅनिंग, मार्क लेव्हिन आणि ॲलन कॉलिन्स या तिघांनी २००७ मध्ये खटल्याची कागदपत्रं तपासून दाखवून दिलं की सगळ्यांनी बघितलं आणि सगळे गप्प बसले, याला पुरावा नाही. २०१६ मध्ये मोझ्ली तुरुंगात वारला, तेव्हा खुद्द ‘टाइम्स’नेच त्याच्या मृत्युलेखात आपली जुनी बातमी सदोष असल्याचं मान्य केलं.

शेजारी सगळे निर्दोष होते असं मी म्हणत नाही. एकाने दार उघडून प्रकार पाहिला, दार लावून घेतलं आणि पोलिसांच्या आधी मैत्रिणीला फोन लावला. हे घडलं आणि ते वाईट आहे. पण त्याच रात्री सोफिया फॅरर ही शेजारीण खुनी गेला की अजून तिथेच आहे हे माहीत नसताना जिना उतरून धावली. किटीला तिने कुशीत घेतलं आणि मदत येईपर्यंत सोडलं नाही. १९६४च्या बातमीत ती नव्हती. आपल्या मजकुरात ती आजही नाही, याचा मला राग येतो.

आता ‘मानसशास्त्राने सिद्ध केलं’ याकडे येऊ. बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या दोघांनी ही बातमी वाचूनच काम सुरू केलं, पण त्यांचा प्रश्न ‘लोक इतके निर्दय का’ असा नव्हता. परिस्थितीतली नेमकी कोणती गोष्ट बदलली की चांगला माणूसही जागचा हलत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. १९६८चा त्यांचा प्रयोग नीट बघा. विद्यार्थी एकेकट्या खोलीत बसलेला, कानाला हेडफोन, समोर माइक. इतर विद्यार्थ्यांशी कॉलेजच्या अडचणींवर बोलायचं. त्यांच्यातला एक जण बोलता बोलता तोतरा होतो, शब्द तुटायला लागतात, त्याला फीट येते. आवाज टेपवरचा असतो, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नसतं. बाकी सगळं सारखं ठेवून संशोधकांनी एकच गोष्ट बदलली: आपल्याशिवाय आणखी किती जण हे ऐकताहेत अशी त्याची समजूत आहे. ऐकणारे आपण एकटेच असं वाटलं, तेव्हा फीट संपायच्या आत ८५ टक्के जण मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्के.

हाच ३१चा आकडा मजकुराच्या मुळाशी आहे. पण तो एकेका माणसाचा आहे, संकटात सापडलेल्याचा नाही. एकमेकांचं काहीच न कळणारे पाच जण असतील आणि प्रत्येकाची उठण्याची शक्यता ३१ टक्के असेल, तर पाचांपैकी एक तरी उठण्याची शक्यता किती? वहीत मांडून पाहा, ८४ टक्क्यांच्या आसपास येते. एकट्या साक्षीदाराच्या ८५ला जवळजवळ चिकटून. हे गणित मी वर्गात फळ्यावर करते तेव्हा मुलं दोनदा तपासून बघतात. आणि थोडा वेळ दिला, तर त्या गटातलेही ६२ टक्के जण शेवटी उठलेच.

जे उठले नाहीत, त्यांच्याबद्दलही संशोधकांनी लिहून ठेवलंय. खोलीत शिरणाऱ्याला ते विचारत होते, ‘तो बरा आहे ना?’ हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता. बेफिकीर माणूस असा दिसत नाही. इतर कुणी काही केलं असेल का, या विचारात ते अडकले होते. याला म्हणतात जबाबदारी वाटली जाणं.

मजकुराची एक बाजू मात्र खरी आहे, ती लपवायची नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात खोलीत फॉर्म भरत बसलेल्यांसमोर भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत संशोधकांचे दोन साथीदार बसवले, त्यांनी धुराकडे पाहून खांदे उडवले आणि लिहीत राहिले, तर दहापैकी एकच जण उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत फॉर्म भरत होते. तिघेही अनोळखी आणि खरेखुरे सहभागी असतानाही, तीनपैकी कुणी तरी सांगितलं असे गट ३८ टक्केच निघाले. इथे संख्या वाढल्याने धोका खरंच वाढला. कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्याकडे बघून ठरवतो की फार काही झालेलं नसावं, आणि तो दुसराही तेच करत असतो.

म्हणून खोलीबाहेर काय घडतं ते तपासावं लागतं. १९६९ मध्ये पिलिअव्हिन दांपत्य आणि रॉडिन यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यात माणूस कोसळण्याचा प्रसंग १०३ वेळा घडवला. हातात काठी असलेला माणूस पडला, तेव्हा ६५ पैकी ६२ वेळा प्रवासी आपणहून धावले. दारूचा वास येणारा पडला, तेव्हा ३८ पैकी १९ वेळा. डबा भरलेला असल्याने मदत कमी झाली, असं काही दिसलं नाही. २०१९ मध्ये फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी तर प्रसंग रचलाच नाही. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण त्यांनी बारकाईने पाहिलं. दहापैकी नऊ भांडणांत किमान एक जण मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणी तरी पुढे येण्याची शक्यता जास्त होती. मजकुराच्या बरोबर उलट.

‘माणूस मुळातच बघ्या’ याला इतकं उत्तर पुरे व्हावं. तरी आणखी एक सांगते. मोझ्ली सहाव्या दिवशी पकडला गेला तो एका घरातून टीव्ही उचलून नेताना. शेजाऱ्याला शंका आली, त्याने हटकलं, मग दुसऱ्या शेजाऱ्याला विचारून खात्री केली. पोलिसांना फोन गेला, आणि चोर निसटू नये म्हणून त्याची गाडी बंद पाडून ठेवली गेली.

राहिलं ‘अपेक्षा ठेवू नका’. मला हा मजकुरातला सगळ्यात घातक भाग वाटतो. कुणीच उठत नाही असं मनावर बिंबलं, की आपणही न उठणं साहजिक वाटायला लागतं, धुराच्या खोलीतल्यासारखं. उलट हे संशोधन नीट समजलेली माणसं जास्त मदत करतात. १९७८ मध्ये बीमन आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. ज्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला होता, त्यांतले ४३ टक्के दोन आठवड्यांनी मदतीला थांबले, इतरांतले २५ टक्के. आपल्याकडे पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती असते ती वेगळी. पण मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

आणि स्वतः संकटात सापडलात किंवा पडलेल्याजवळ पोचलात, तर ‘कुणी तरी मदत करा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवून बोला: ‘निळा शर्ट, भाऊ, तुम्ही ११२ लावा. ताई, तुम्ही इथे डोकं धरा.’