सिंगापूर ते क्वालालंपूर विमानप्रवासाबाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सिंगापूर-मलेशिया सहलीला एक तारा देताना आपण लिहिले आहे की, कार्यक्रमपत्रिकेत ‘सिंगापूर ते क्वालालंपूर, २९७ किमी, विमानप्रवास १ तास १० मिनिटे’ असे छापलेले असताना आपण सकाळी सव्वानऊला हॉटेल सोडले आणि क्वालालंपूरच्या हॉटेलात पावणेपाचला पोहोचलात. ‘एवढ्या वेळात बसही पोहोचली असती, ही शुद्ध फसवणूक आहे.’ फसवणूक हा शब्द मला मान्य नाही. बाकीची तक्रार बहुतांशी रास्त आहे.

छापलेले आकडे खोटे नव्हते. २९७ किमी हे सिंगापूरच्या चांगी आणि क्वालालंपूरजवळच्या सेपांग येथील विमानतळांमधले सरळ हवाई अंतर आहे. रस्त्याने तेच सुमारे ३५० किमी भरते. १ तास १० मिनिटे हा वेळ विमान चांगीला गेटवरून हलल्यापासून सेपांगला गेटशी लागेपर्यंतचा असून त्यातला जेमतेम पाऊण तास विमान हवेत असते. ते पुरेशी उंची गाठते न गाठते तोच उतरायला लागते, त्यामुळे ताशी आठशे किमी वेगाचा हिशेब या मार्गावर चालत नाही. दोन्ही देशांचे घड्याळ एकच असल्याने तिथे मात्र काही गोंधळ होत नाही.

परंतु प्रवाशाला हवा असतो तो हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा वेळ, आणि तो आम्ही छापलाच नव्हता. चांगीला तीन तास आधी पोहोचणे, दोन्हीकडचे इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा येण्याची वाट पाहणे, आणि त्यानंतर सेपांग ते शहर हे पन्नासहून अधिक किमीचे अंतर, हे सगळे त्यात धरायला हवे. विमानतळावरून केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य रेल्वे स्थानकाला जलद रेल्वे अर्ध्या तासात नेते हे खरे; पण तीसजणांचा गट सामानासह बसनेच न्यावा लागतो.

बसबाबत आपले म्हणणे वेळेपुरते बरोबर आहे. सीमेवर गर्दी नसेल तर पाच-सहा तासांत बस पोहोचते. मात्र सिंगापूरच्या वुडलँड्स सीमानाक्याला एकदा आणि पूल ओलांडून जोहोर बाहरूला पुन्हा एकदा उतरावे लागते, तेही मलेशियाच्या बाजूला सगळ्या बॅगा ओढत, आणि शनिवार-रविवारी तिथली रांग किती लांबेल हे कोणीच सांगू शकत नाही. आपल्या गटात सत्तरीपुढचे चारजण होते, म्हणून आम्ही विमान निवडले, आणि तसा गट असेल तर पुढेही तेच निवडू.

खरी चूक वेगळीच आहे, आणि आपण तिचा उल्लेख एका ओळीतच केला आहे. त्याच दिवशी संध्याकाळी पाचची पेट्रोनास टॉवर्सच्या स्कायब्रिजची (दोन्ही मनोऱ्यांना जोडणाऱ्या पुलाची) तिकिटे काढणे हा आमचा अविचार होता. ती वेळ ठरलेली असते, आणि आपल्याला ते मनोरे बसच्या काचेतूनच पाहावे लागले. त्या तिकिटांचे पूर्ण पैसे गटातील प्रत्येकाला परत करीत आहोत. आपली रक्कम ज्या खात्यातून सहलीचे पैसे आले होते त्याच खात्यात सात दिवसांत जमा होईल. नव्या पत्रिकेत त्या ओळीच्या जागी ‘हॉटेल ते हॉटेल सात ते आठ तास, त्या दिवशी अन्य कार्यक्रम नाही’ असे छापले आहे.

आपला,
संचालक