अणूला मार्क देऊ नका

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास आम्हा स्टेशनरीवाल्यांचा सीझन सुरू होतो. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर गर्दी, आणि गर्दीत पोरं कमी, आईबापच जास्त. "दादा, एक कार्बन द्या." मी कार्बन पेपर काढायला लागतो. "तो नव्हे हो, अणूचा! उद्याच द्यायचाय शाळेत."

तयार अणू मिळतो, म्हणजे त्याचं मॉडेल. चकचकीत रंग, खाली स्टँड, नाव छापलेली पट्टी. मीही विकतो, धंदा आहे. पण एका लॉटमध्ये सोडियम आला तो पहिल्याच कड्यावर आठ इलेक्ट्रॉन घेऊन. आठवीच्या पुस्तकात 'अणूचे अंतरंग' या धड्यात स्पष्ट दिलंय, के कवचात, म्हणजे पहिल्या कड्यावर, दोनच मावतात. सोडियम म्हणजे 2, 8, 1. गिऱ्हाइकाला दाखवलं तर म्हणाले, "असू द्या हो, कोण मोजतंय?" खरंच कुणी मोजलं नाही. त्याच मॉडेलला शाळेतून 'उत्कृष्ट' शेरा मिळाल्याचं मला मोठ्या कौतुकानं सांगून गेले.

म्हणून शिक्षकमंडळींना माझं उघड म्हणणं आहे. मॉडेलला मार्क देऊ नका. 'या मॉडेलमध्ये खोटं काय आहे?' असं विचारा आणि जे पोरगं सांगेल त्याला मार्क द्या.

कारण खोटं भरपूर असतं. सगळ्यात मोठी थाप मापाची. कार्बनच्या केंद्रकापेक्षा, म्हणजे मधल्या गाभ्यापेक्षा, अख्खा अणू साधारण पंचवीस हजार पट मोठा. म्हणजे एक सेंटिमीटरचा मणी केंद्रक धरून शाहू स्टेडियमच्या मधोमध ठेवला, तर बाहेरचे इलेक्ट्रॉन शे-सव्वाशे मीटर लांब जाणार. उलट मॉडेल फूटभराचं हवं असेल तर केंद्रक केसाच्या जाडीपेक्षा बारीक करावं लागेल. कोण चिकटवणार? मधली सगळी जागा रिकामी असते ही खरी गंमत. 1911 साली रदरफोर्डनं सोन्याच्या पत्र्यावरच्या प्रयोगातून हेच ओळखलं. पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण (धनभार असलेले बारीक कण) सरळ पार गेले, एखादाच उलटा फिरला. आपल्या थर्माकोलच्या अणूत मात्र रिकामं असं काही उरतच नाही.

दुसरी थाप लेबलाची. वर ठळक 'बोरचं मॉडेल', म्हणजे इलेक्ट्रॉन ठरलेल्या कड्यांवर फिरतात असं सांगणाऱ्या नील्स बोर या शास्त्रज्ञाचं, आणि आत सहा न्यूट्रॉन. बोरनं मॉडेल मांडलं 1913 साली, न्यूट्रॉन चॅडविकला सापडला 1932 साली! आणि ती तारेची गोल कडी? हायड्रोजनचा हिशेब त्या कड्यांनी झकास जुळला, पण 1926 साली श्रोडिंजरचं समीकरण आलं आणि इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेनं फिरतो ही कल्पनाच मागे पडली. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. हे आठवीच्या मुलाला झेपणार नाही म्हणता? समीकरण नाही झेपणार. 'ही तार खरी नाही' हे वाक्य नक्की झेपतं.

मागे कोरेगावकडची एक मुलगी आईबरोबर आली होती. प्रोटॉनसाठी सहा लाल मणी, न्यूट्रॉनसाठी सहा पांढरे, स्वतः मोजून घेतले. मी इलेक्ट्रॉनसाठी निळे काढले तर म्हणाली, "काका, ते नको. प्रोटॉनपेक्षा 1836 पट हलका असतो तो, मग एवढा मोठा मणी कशाला? घरची मोहरी लावते." आई वैतागलेली, "दादा, हिच्या नादी लागू नका, आमची एसटी निघंल." मोहरीसुद्धा मापात बसत नाही, ते सोडा. पोरीनं विचार केला होता!

हातानं करणाऱ्यांसाठी दुकानदाराचा सल्ला: थर्माकोलला ऑइल पेंट किंवा स्प्रे मारू नका, गोळी खड्डे पडून विरघळते. पोस्टर कलर द्या. ग्लू गनसुद्धा थर्माकोल वितळवते, साधा फेविकॉल लावा आणि रात्रभर हात लावू नका. खरं तर थर्माकोल नकोच, लाकडी मणी किंवा शाडूच्या गोळ्या कितीतरी बऱ्या. कडी एकमेकांत तिरकी अडकवा. सगळी एकाच पातळीत ठेवली तर त्रिमिती कसली, ताट होतं. केंद्रक मधे टांगायला गोधडीचा दोरा मजबूत पडतो.

साताऱ्यात तरी हे सांगायची वेळ येऊ नये. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिचं ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण'. आणि त्याच जिल्ह्यात बाप रात्री नऊला पोराचा अणू विकत घेतो. बापाला तरी काय बोलणार? नोटीस आदल्या दिवशी येते आणि मार्क सजावटीला मिळतात.

एका सरांना मी हे बोललो, तर म्हणाले, पोरं पाहुण्यांपुढे लाजतात, बोलत नाहीत. लाजतात, कारण मॉडेल त्यांचं नसतं. ज्यानं तार स्वतः वाकवली तो 'ही इथं अशी का वाकली' हे न विचारता सांगतो. तरीही कुणी लाजलंच तर कागदावर दोन ओळी लिहून घ्या, सर. दहातले सात त्या ओळींना, रंगकामाला तीन पुष्कळ झाले.