खुर्च्या किती ते नंतर, आधी गोदाम दाखवा

वरळीचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम, म्हणजे आजचा एनएससीआय डोम, पन्नासच्या दशकातला. दारासिंगांच्या कुस्त्या तिथे रंगल्या. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना तिथेच झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. ऑक्टोबर 2019 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे संघ तिथे दोन सामने खेळले. पुढच्याच वर्षी त्याच जागेत कोविडच्या खाटा लागल्या.

अशी यादी वाचली की प्रत्येक शहराला बहुउद्देशीय इनडोअर स्टेडियम हवंसं वाटतं, आणि ते हवंच. पण चर्चा अडकते ती आसनसंख्येवर. खरा प्रश्न असा आहे की एक कार्यक्रम उठल्यावर दुसरा उभा करायला किती तास लागतात आणि निघालेलं सामान जातं कुठे?

बास्केटबॉलचं लाकडी मैदान बघा. एनबीएच्या मापाचं मैदान 94 बाय 50 फूट. ते सुटी पॅनेल जोडून बसवतात. 4 बाय 8 फुटांची पॅनेल धरली तर नुसत्या मैदानालाच दीडशेच्या घरात लागतात, भोवतीची मोकळी पट्टी वेगळी. प्रत्येक पॅनेलला नंबर असतो आणि ते त्याच जागी बसावं लागतं. खाली खडा राहिला की सांधा उचलला जातो, चेंडूचा टप्पा तिथे मरतो. मैदानाच्या मेपल लाकडाला साधारण 35 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. समुद्राकाठच्या शहरात सामना संपला म्हणून रात्री एसी बंद केला की लाकूड ओल पितं आणि फळ्यांच्या कडा वर येतात. वीज वाचली असं वाटतं, मैदान मात्र गेलेलं असतं.

कबड्डीचं गणित सोपं दिसतं. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे 1 मीटरच्या 130 मॅट आणि कडेच्या वेगळ्या. त्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना लावत जायच्या. एका कोपऱ्यातून सुरुवात केली की प्रत्येक सांध्यातली बारीक फट साठत जाते आणि शेवटी बोनस रेषा तुटक दिसते. फटीत चढाईपटूचा अंगठा अडकला की घोटा गेलाच. खालची जमीन पुसून कोरडी करणं हे फालतू काम समजलं जातं, पण धुळीवर अख्खी मॅट सरकते.

बॅडमिंटनला हवाच वैरी. फूल, म्हणजे शटल, जेमतेम 5 ग्रॅमचं, एसीच्या झोताने बाजूला वाहतं. मोठ्या स्पर्धेला कोर्टावर 12 मीटर उंची मोकळी हवी. दिवे कोर्टाच्या डोक्यावर नकोत, बाजूला हवेत.

मैफलीला नेमकं उलट. ध्वनिक्षेपक आणि दिव्यांचे ट्रस, म्हणजे धातूचे सांगाडे, छतालाच टांगायचे. कुठल्या हुकावर किती किलो चालेल हे बांधतानाच ठरवून प्रत्येक हुकाशी लिहून ठेवावं. घुमटाकार छत आवाज एका जागी गोळा करतं, तिथे शोषक पटल नसलं तर निवेदकाचा एक शब्द दोनदा ऐकू येतो.

कोविडच्या वेळी खांब नसलेली सपाट जागा कामी आली, हे खरं. पण सपाट जागा मोकळी ठेवायची तर पॅनेल, मॅट, खुर्च्या, कुस्तीची रिंग जाणार कुठे? अनेक आराखड्यांत गोदाम तळघरात टाकलेलं असतं आणि उतरायला जिना. ते मैदानाच्याच पातळीला हवं, दरवाजा पॅनेलची ट्रॉली न वळवता आत जाईल एवढा, आणि हवा मैदानासारखीच कोरडी. भाड्याच्या दरपत्रकात मांडणीचा आणि काढणीचा दिवस वेगळा लिहा.