पाच तक्ते, पाच चौकटी

वर्गात पाच-पाच मुलांचे गट केले आणि मधोमध तक्ता ठेवला, की वर्ग एकदम जिवंत वाटतो. गलबला असतो, डोक्याला डोकी लागलेली असतात. दारावरून जाणारा म्हणतो, काय छान शिकतायत मुलं! मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं.

मग एकदा जलचक्राचा तक्ता चालू असताना एका मुलीच्या हाताकडे लक्ष गेलं. दोघं हिरिरीने बोलत होते, एक जण लिहीत होता आणि ही पट्टी धरून निळ्या स्केचपेनने चौकट आखत होती. अगदी मन लावून, कोपऱ्यांत बारीक फुलं काढत. मागच्या वेळीही हिनेच आखली होती, नाही का? मी जुने तक्ते काढून बघितले. पाच तक्ते, पाच सुरेख चौकटी आणि आत तिच्या अक्षरातला एक शब्दही नाही. गटाचे मार्क मात्र पाचही वेळा मी तिच्या नावापुढे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून विचारलं, "पाण्याची वाफ झाली म्हणजे पाण्याचं काय झालं गं?" बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "संपलं."

तिच्या लेखी पाणी संपत होतं. जे संपलं ते ढगात कुठून येणार आणि पाऊस कसला पडणार? इतके दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली त्याने ते निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढू लागले की एकेकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या साधारण निम्म्यावर येत होता. थोडा जोर ताळमेळ नसल्याने वाया जातो, हे खरं. पण आपण नाही ओढलं तरी दोर हलतोच, हेही माणसाला पटकन कळतं. मुलांना तर फारच पटकन.

म्हणून गटकार्य बंद करा असं मी म्हणत नाही. उलट ते नीट रचा, असं कळकळीने सांगते. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत 'जिगसॉ' पद्धत आणली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक द्यायचा. सारखाच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. परीक्षा मात्र ज्याची त्याची. यात प्रत्येक मुलाची गटाला गरज लागते. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती आधीची बैठक, कारण मागे पडणारं मूल तिथे तयारी करून मगच बोलायला जातं.

"हुशार मुलं बाकीच्यांना सांभाळून घेतील" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. ती सांभाळून घेत नाहीत, बिचारी काम उरकून टाकतात. शिकवणं हे आपलं काम आहे.

आणि त्यासाठी वेळ गटकार्यच देतं! फळ्यापाशी उभं राहून सगळ्यांशी बोलताना मला कुणा एकाजवळ बसता येत नाही. गट कामाला लागले की येतं. आता मी गटागटांतून नुसती फिरत नाही. आज कुणाजवळ बसायचं ती तीन-चार नावं आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवते. गट जमण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकाने आपल्या वहीत एकट्याने लिहायचं. शेवटी कोण बोलणार हे मी ऐनवेळी ठरवते आणि मार्क ज्याचे त्याला. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजते. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने दाखवून दिलं होतं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

त्या मुलीला पुढच्या वेळी वाफेचाच तुकडा दिला. आधी आम्ही दोघींनी गरम पाण्याच्या भांड्यावर झाकण धरलं. झाकण उलटं केल्यावर थेंब दिसले, तशी तिने एक थेंब बोटावर घेतला आणि बघतच राहिली. गटात गेल्यावर तेच झाकण सगळ्यांपुढे धरून म्हणाली, "हे बघा, इथे आलंय ते."

लिहायला तिला अजून वेळ लागतो. उद्याच्या नावांत ती आहेच.