पिळावं तितकं थोडं

लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या, कंदमुळांच्या तळलेल्या चपट्या वड्या, ज्यूंच्या हनुका सणातल्या. कंदमुळांच्या लाटक्यांची कोणतीही कृती वाचली की उगाचच हुरूप येतो. बटाटे आणि गाजरं किसा, कांदा-अंडी-पीठ मिसळा, तेलात तळा. झालं. या तीन आज्ञांच्या मधली खरी आज्ञा मात्र कुणीतरी शिताफीने गाळलेली असते : पिळा. काही कृतींत ती 'जास्तीचं पाणी काढून टाकावं' अशा परिपत्रकी सुरात येते, जणू पाण्याला नुसतं कळवलं की ते आपणहून निघून जातं. माझ्या मते लाटके हा मुळात पिळण्याचा उद्योग आहे, तळणं त्याच्या शेपटाला येतं.

हिशेब साधा आहे. बटाट्याच्या वजनात सुमारे 80 टक्के पाणी असतं, गाजर आणि बीट यांत 87-88 टक्के, आणि सलगम तर 90 च्याही वर जातं. म्हणजे 1 किलो भाजी म्हणून आपण जे उचलून आणतो ते बहुतांशी साल लावलेलं पाणीच. आता हे पाणी तेलात गेलं की काय होतं? तेल 180 अंशांवर तापलेलं असलं तरी ओला कीस 100 अंशांच्या वर हलत नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. तांबूस रंग आणि खमंगपणा यायला पृष्ठभाग 140 अंशांच्या वर जावा लागतो. तो जाईपर्यंत लाटका तेलात चक्क उकडत बसतो, तेल पितो आणि उलटायला गेलं की मधोमध दुभंगतो. मग स्वयंपाकघरात चौकशी बसते. तव्यावर संशय, अंड्यावर संशय, कृती पाठवणाऱ्यावर तर फारच संशय. पाणी मात्र निर्दोष सुटतं.

16-17 लाटक्यांसाठी प्रमाण असं धरावं : बटाटे 600 ग्रॅम, इतर कंदमुळं मिळून 300 ग्रॅम, मध्यम कांदा 1, अंडी 2, मीठ दीड छोटा चमचा, मिरपूड, आणि मात्झोचा, म्हणजे बेखमिरी भाकरीचा, रवाळ चुरा 3 मोठे चमचे. तो नसला तर मैदा 2 मोठे चमचे. बटाट्याचा दोन तृतीयांश वाटा मोडू नये. आरोग्याच्या उत्साहात बटाटा अजिबात वगळणारे असतात, त्यांना नंतर तव्यावर गाजराचा परतलेला कीस मिळतो. चव छान असते, पण त्याला लाटके म्हणणं धाडसाचं आहे. कीस धरून ठेवणारा स्टार्च बटाटा देतो, बाकीचे बहुतेक कंद नुसतेच पंगतीला बसतात.

बटाटा पिठूळ जातीचा हवा. पातळ सालीचे, चिकट गराचे नवे बटाटे इथे कामाचे नाहीत. फ्रिजमध्ये बरेच दिवस पडलेला बटाटाही नको, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि लाटका आतून शिजायच्या आधी बाहेरून काळवंडतो. गाजर हा या कंपूतला सज्जन, सांगाल तसं वागतं. पार्सनिप (गाजरासारखंच दिसणारं पांढरट मूळ) मोठी असली तर मधला दांडा लाकडासारखा निघतो, तो कापून टाकावा. सेलेरीचा कंद इतका खडबडीत आणि वाकडातिकडा असतो की सोलाण्याने सोलायला गेलं तर सोलाणंच हरतं, सुरीने जाड साल उतरवावी आणि वजनाचा मोठा हिस्सा सालीबरोबर गेला म्हणून हळहळू नये. रताळं गोड बोलून घात करतं. त्यात स्टार्च आहे, पण साखरही भरपूर, त्यामुळे ते भराभर करपतं. सलगमला थोडं मीठ चोळून 10 मिनिटं वेगळं ठेवावं, वेगळंच पिळावं आणि तेवढं मीठ पुढच्या हिशेबातून वजा करावं.

आणि बीट. बीट सगळ्यांच्या शेवटी किसायचं, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या कापडात. मिश्रणात ते सगळ्यात शेवटी आणि अगदी हलक्या हाताने घालावं, नाहीतर गाजर, पार्सनिप, अंडं, ओटा, सगळं एकाच रंगाचं होतं. ज्या कापडात बीट पिळलं ते कापड त्याच कामाला वाहिलं असं समजावं.

किसणीची मोठी भोकं वापरायची आणि बटाटा लांबीच्या दिशेने चालवायचा. लांब धागे एकमेकांत अडकतात आणि कडेला जाळी धरतात. बारीक भोकांवर किसणाऱ्यांची वेगळी, जुनी परंपरा आहे. त्यांचे लाटके आतून मऊ आणि घट्ट होतात. मला कडांसाठीच लाटके आवडतात, म्हणून मी मोठ्या भोकांच्या बाजूची. फूड प्रोसेसर घेतला तर बटाटे नळीत आडवे घालावेत, उभे घातले की कीस आखूड पडतो. हातकिसणीवर शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा किसायचा हट्ट सोडावा. त्यातून फार तर चमचाभर कीस मिळतो आणि बदल्यात किसणी पेरावरची कातडी मागते. बीट किसताना तर रक्त आलं की नाही हेसुद्धा कळत नाही.

किसलेला बटाटा हवा लागली की आधी गुलाबी, मग करडा पडतो. खायला काही अपाय नाही, पण बघवत नाही. मध्ये मध्ये कांदा किसत गेलं तर काळं पडणं लांबतं. डोळ्यांतल्या पाण्याचं काय करायचं ते मात्र ज्याचं त्याने बघावं. एकूण पाण्याविरुद्धच्या या मोहिमेत तेवढी भर पडतेच.

आता मुख्य काम. धागे न सुटणारं पातळ सुती कापड घ्यावं, कपडे मऊ करणाऱ्या सुवासिक द्रवात धुतलेलं नको, लाटक्यांना फुलांचा वास येतो. एका वेळी 300 ग्रॅमच कीस घ्यावा. मोठं गाठोडं पिळलं की बाहेरचा थर कोरडा होतो आणि आतला तळं सांभाळून बसतो. कापडाची टोकं लाकडी चमच्याच्या दांड्याला गुंडाळून दांडा फिरवत राहिलं की मनगटं वाचतात. पहिल्या पिळ्याला धार लागते आणि इथेच माणूस फसतो, विजयी मुद्रेने कापड सोडतो. गाठोडं 5 मिनिटं पडू द्यावं आणि पुन्हा पिळावं. दुसऱ्यांदाही बरंच निघतं. कीस मुठीत दाबून थेंब येत नाही आणि मूठ उघडल्यावर धागे सुटे होतात, तोवर थांबू नये.

निघालेलं पाणी बेसिनमध्ये ओतण्याची घाई करू नका. बटाट्याचं पाणी भांड्यात 10 मिनिटं न हलवता ठेवलं की तळाशी पांढरा, घट्ट साका बसतो. वरचं तांबूस पाणी अलगद निथळून टाकायचं आणि साका चमच्याने खरवडून किसात परत घालायचा. हाच तो स्टार्च, लाटक्याचा डिंक. तो मोरीत सोडून द्यायचा आणि मग मिश्रण सुटतंय म्हणून मूठमूठ मैदा ओतायचा, हा प्रकार सर्रास चालतो. जास्त मैद्याचा लाटका सुटत नाही हे खरं, पण तुटतही नाही. दातांनीसुद्धा.

मीठ अगदी शेवटी, तेल तापल्यावर. मीठ पडलं की किसातून पुन्हा पाणी सुटायला लागतं आणि 15 मिनिटांत भांड्याच्या तळाशी डबकं साचतं. त्यामुळे मिश्रण कालवून पाहुण्यांची वाट बघत बसू नये. डबकं झालंच तर प्रत्येक घाण्याआधी कीस भांड्याच्या कडेला दाबून निथळून घ्यावा, डबक्यात पीठ कालवू नये.

जाड बुडाच्या पसरट तव्यात तेल 5-6 मिलिमीटर असावं. कमी तेलात लाटका ठिगळाठिगळाने भाजतो. 175 ते 180 अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर किसाचा एक धागा टाकून बघावा : लगेच फसफसला तर ठीक, तळाशी गुमान बसला तर थांबा, काळा झाला तर आच कमी करा. रताळं किंवा बीट जास्त असेल तर 165-170 वर यावं. दोन मोठे चमचे मिश्रण सोडून 1 सेंटिमीटरपेक्षा पातळ दाबायचं आणि कडेला लोंबणारे धागे गोल करत बसायचं नाही, खरी कुरकुर तिथेच असते. एका वेळी चारच. पाचवा घातला की तेल थंड होतं आणि पाचही बिघडतात. प्रत्येक बाजूला 3 ते 4 मिनिटं, उलटायचा एकदाच, आणि आपल्यापासून लांबच्या दिशेने. उलथण्याने उचलून उचलून खाली डोकावायचा मोह आवरावा.

बीटच्या लाटक्याचा रंग बघून काहीच कळत नाही, तो कच्चा असतानाच भाजल्यासारखा दिसतो. तिथे कान लावावा. पाणी उडत असतं तोवर तेलाचा चरचराट जोरात चालतो, तो मंदावला की उलटायची वेळ झाली. पहिल्या घाण्यात एकच छोटा लाटका तळून मीठ चाखावं, कारण कच्चं अंडं आणि कच्चा बटाटा चाखण्यात शौर्य नाही. दोन घाण्यांमध्ये तेलातला सुटा चुरा झाऱ्याने काढावा, नाहीतर पुढच्या लाटक्यांना काळे ठिपके चिकटतात. तेल कमी झालं तर वाढवून पुन्हा तापू द्यावं. तळलेले लाटके कागदावर पसरण्याऐवजी जाळीवर ठेवावेत. कागदावर त्यांची स्वतःचीच वाफ खाली कोंडते आणि इतक्या कष्टाने घालवलेलं पाणी मागच्या दाराने परत येतं.

एवढं सगळं करून टेबलावर आणलं की एखादा शुद्धतावादी भेटतोच : खरा लाटका फक्त बटाट्याचा, गाजर-बीट ही थेरं. हनुका हा आठ रात्रींचा सण. जेरुसलेमचं मंदिर इ.स.पू. 164 मध्ये मक्कबींनी, म्हणजे बंड करून उठलेल्या ज्यू योद्ध्यांनी, परत मिळवलं, आणि एका दिवसापुरतं तेल तिथल्या दिव्यात आठ दिवस पुरलं, अशी कथा. म्हणून या सणाला तळणाचा मान. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, युरोपात तो आला सोळाव्या शतकात, पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या तव्यावर त्याहूनही बराच उशिरा. मक्कबींनी बटाटा डोळ्यांनी पाहिला नव्हता. सलगम निदान त्यांच्या मुलखातलं तरी आहे. एवढं सांगून शुद्धतावाद्याच्या ताटात बीटचा लाटका वाढावा.

सोबत सफरचंदाचा सॉस की सावर क्रीम (आंबट साय), या वादात माझं मत विचाराल तर बटाट्याच्या लाटक्यांवर सफरचंद आणि गाजर-रताळ्याच्या गोडसर लाटक्यांवर सावर क्रीम. मात्र जुन्या पद्धतीने हंसाच्या चरबीत तळणाऱ्या कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणाऱ्या, घरात हा प्रश्नच उरत नाही. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे तिथे सफरचंद बिनविरोध निवडून येतं.

उरलेच तर (हे वाक्य केवळ शिष्टाचार म्हणून) पूर्ण गार झाल्यावर ताटात सुटे ठेवून गोठवावेत, घट्ट झाले की पिशवीत भरावेत. खायच्या वेळी न वितळवता थेट 200 अंशांच्या ओव्हनमध्ये, जाळीवर, 10-12 मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवले तर कडा लिबलिबीत होतात आणि मग ते चमच्याने खावे लागतात.